‘त्याला पचते’

मामाचे दिवसकार्य आटोपून पाहुणे पांगल्यावर मामीने कपाटातून निळ्या पुठ्ठ्याची एक दोनशे पानी वही काढून माझ्या हातात ठेवली. “ही तुझ्याकडे राहू दे, मला आता ती उघडवत नाही,” एवढेच ती म्हणाली. वहीच्या प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले सहा रकाने होते: तारीख, वजन, पोटाचा घेर, शौचाच्या वेळा, सही आणि शेरा. मामा सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या आसवनीत, जिला तिथे सगळे डिस्टिलरीच म्हणतात, केमिस्ट होता. पंचवीसेक वर्षे त्याने मळीच्या आणि स्पिरिटच्या नमुन्यांची नोंद ठेवली, आणि आयुष्याची शेवटची सहा वर्षे स्वतःच्या शरीराची नोंदही त्याच शिस्तीने आणि त्याच निळ्या शाईने ठेवली.

आमच्या आजोळी दारू पिणाऱ्यांचे दोनच प्रकार मानले जात: ज्यांना चढते ते आणि ज्यांना पचते ते. पारावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या देणारा, गटाराच्या कडेला सापडणारा, बायकोवर हात उगारणारा, हा पहिला प्रकार, आणि त्याच्याकडे बोट दाखवून घरोघरी मुलांना धाक घातला जाई. मामा दुसऱ्या प्रकारातला होता. रात्री साडेआठच्या सुमारास तो ओसरीवर बसे, बशीत भाजलेले शेंगदाणे आणि चिरलेला कांदा असे, आणि क्वार्टर संपली की तो शांतपणे जेवायला उठे. त्याचा आवाज चढत नसे, पाऊल वाकडे पडत नसे, आणि सकाळी सातच्या पाळीला तो इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर हजर असे. लग्नाकार्यात, जत्रेच्या मटणाला, कारखान्याचा गळीत हंगाम संपल्याच्या जेवणात लोक त्याच्याकडे कौतुकाने बघत. “पितो, पण पचवून पितो,” असे आजी शेजारणीला सांगताना मी स्वतः ऐकले आहे, आणि तिच्या स्वरात तक्रारीपेक्षा अभिमानच अधिक होता. मी बावीस वर्षांचा असताना त्याच्याच शेजारी बसून पहिल्यांदा बिअर प्यालो आणि अंगणात जाऊन ओकलो. तो हसून म्हणाला, “सवय नाही भाचेबुवा, पचायला लागेल.” मला माझी लाज वाटली होती, आणि त्याचा हेवा.

त्याच मामाने मला एकदा आसवनी हिंडून दाखवली होती. साखर काढून घेतल्यावर जी काळी चिकट मळी उरते ती पाण्यात पातळ करून मोठमोठ्या टाक्यांत यीस्टबरोबर सोडतात, यीस्ट साखर खाते, टाकीभर फेस उसळतो, आणि सुमारे आठ-दहा टक्के अल्कोहोल झाले की तो फेस बसायला लागतो. यीस्टला आपणच तयार केलेल्या अल्कोहोलमध्ये जगणे अवघड होते, म्हणून त्याचे काम मंदावते. पुढे उंच मनोऱ्यांत उकळून आणि पुन्हा थंड करून तेच द्रव्य पंचाण्णव टक्क्यांवर नेतात. मामा काचेच्या उभ्या नळीत हायड्रोमीटर सोडून, तो डुलायचा थांबेपर्यंत श्वास रोखून वाट बघे आणि मग तापमानाची दुरुस्ती करून आकडा लिही. “यीस्टला कळते हो कुठे थांबायचे ते,” असे तो म्हणाला तेव्हा प्रयोगशाळेतले सगळे हसले होते, आणि मीही.

आकड्यांचा माणूस असूनही त्याने एक साधा हिशेब कधी कागदावर मांडला नाही, किंवा मांडला असेल तर कुणाला दाखवला नाही. एका क्वार्टरमध्ये १८० मिलिलिटर द्रव्य असते. त्यात ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे ७७ मिलिलिटर, वजनात साधारण ६१ ग्रॅम. पोटातून आणि लहान आतड्यातून शोषले गेलेले हे अल्कोहोल पोर्टल नावाच्या जाड शिरेतून आधी यकृतात येते, आणि त्यातले नव्वद टक्क्यांच्या आसपास यकृतालाच निपटावे लागते. श्वास, घाम आणि लघवी यांच्या वाट्याला थोडेच जाते. यकृत त्याचे प्रथम ॲसिटाल्डिहाइड करते, जे मूळ अल्कोहोलपेक्षा पेशींना कितीतरी जाचक असते, आणि मग त्याचे ॲसिटेट करून पुढे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होण्यासाठी सोडून देते. या कामाचा वेग ताशी सात-आठ ग्रॅमच्या आसपास असतो. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यांपैकी कशानेही तो वाढत नाही. माणूस तरतरीत दिसायला लागतो इतकेच. म्हणजे रात्री नऊला क्वार्टर संपवणाऱ्याचे यकृत पहाटे पाचपर्यंत राबत असते, आणि ते रोज.

मग मामाला ‘पचत’ होते म्हणजे नेमके काय होत होते? हे मला फार उशिरा कळले, आणि कळल्यापासून आजीचे ते वाक्य मला टोचते. रोज पिणाऱ्याचा मेंदू अल्कोहोलच्या गुंगीला तोंड देण्यासाठी स्वतःला हळूहळू अधिक उत्तेजित ठेवायला शिकतो, त्यामुळे इतरांना लोळवणारी मात्रा त्याला नुसती सैलावते. शिवाय यकृतात अल्कोहोल तोडणारी एक दुसरी वाट असते, जी एरवी फारशी वापरात नसते. सततच्या पिण्याने ती रुंदावते, दारू थोडी लवकर निघून जाते, पण त्या वाटेने जाताना पेशींचीच नासधूस करणारी द्रव्येही अधिक तयार होतात. हीच वाट पॅरासिटामॉलच्या गोळीचेही विष करते. सकाळी डोके जड झाले की गोळी घेणे हा मामाचा नित्याचा परिपाठ होता. चढणे थांबले की शरीराचा एकमेव इशारा बंद पडतो, आणि नेमक्या त्या बंद पडण्यालाच आम्ही सगळे पचवणे म्हणत होतो. पारावरच्या ज्या माणसाची आम्ही हेटाळणी करत असू, त्याला निदान सगळ्या गावाने टोकले होते. मामाला कुणी टोकले नाही.

यकृतही टोकत नाही. बरगड्यांच्या आत उजव्या बाजूला बसलेल्या या दीड किलोच्या अवयवाच्या आत दुखण्याची जाणीव पोचवणारे मज्जातंतूच नसतात; दुखते ते फक्त वरचे पातळ आवरण ताणले गेले तर. आपल्या भाषेनेही त्याच्यावर थोडा अन्यायच केला आहे. काळीज म्हणताना आपल्या मनात हृदय असते, ते तुटते, पिळवटते, धडधडते. प्रत्यक्षात खाटकाकडे काळीज मागितले तर तो यकृताचा तुकडाच कागदात बांधून देतो. धडधडणाऱ्याकडे लक्ष जाते, गप्प बसणाऱ्याकडे जात नाही.

त्या गप्प काळात आत जे होते त्याचे टप्पे सगळ्या डॉक्टरांना पाठ असतात. रोज साठ ग्रॅमच्या वर अल्कोहोल पिणाऱ्या बहुतेकांच्या यकृतात आधी चरबी साठते, आणि तिथे थांबले तर काही आठवड्यांत ती उतरूही शकते. पुढे काहींना सूज येते, पेशी मरतात, आणि मेलेल्या जागी यकृतातल्याच काही पेशी तंतुमय वण तयार करायला लागतात. वण, पुन्हा थोड्या नव्या पेशी, पुन्हा वण, असे वर्षानुवर्षे चालले की मऊ, गुळगुळीत अवयवाची गाठीगाठींची, आखडलेली, कठीण वस्तू होते. स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लेनेक या फ्रेंच डॉक्टरने १८१९ साली तिच्या पिवळट तांबूस रंगावरून ग्रीक शब्द घेऊन सिरोसिस हे नाव दिले. अतिमद्यपान करणाऱ्यांपैकी दहा ते वीस टक्के लोकच या टोकाला पोचतात, असे साधारणपणे सांगितले जाते, आणि या आकड्याने फार घात केला आहे. ‘आमचे आबा रोज प्यायचे, पंच्याऐंशीपर्यंत जगले’ हे वाक्य प्रत्येक गावात कुणीतरी म्हणतेच. जे पंचेचाळीसला गेले त्यांचे दाखले कुणी देत नाही.

मामाच्या बाबतीत पहिली खूण मामीला दिसली, पण तिने ती चांगल्या अर्थाने घेतली. त्याचे तळहात लालसर, गुलाबी दिसायला लागले होते, आणि रक्त वाढले म्हणून ती खूश होती. पुढे त्याच्या छातीवर कोळ्याच्या पायांसारख्या बारीक तांबड्या रेषा उमटल्या, ज्या दाबल्या की नाहीशा होत आणि बोट काढले की मधून बाहेर पसरत. दंड बारीक झाले आणि पँट मात्र कमरेला होईना. एका रविवारी तो चपला काढून आत आला तेव्हा पावलांवर पट्ट्यांचे खोल चर उमटलेले मी पाहिले. ते अर्ध्या तासानंतरही तसेच होते. डॉक्टरने नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला, तर तिथे कणकेत पडावा तसा खळगा राहिला. तेव्हा तो एकोणपन्नास वर्षांचा होता. रक्ताच्या अहवालात अल्ब्युमिन हे प्रथिन खाली, प्लेटलेट खाली, काविळीचे बिलिरुबिन वर, आणि यकृताची इजा दाखवणाऱ्या दोन विकरांपैकी एसजीओटीचा आकडा एसजीपीटीच्या दुपटीहून अधिक. हा शेवटचा आकडा मामाने स्वतः बोटाने दाखवला आणि विचारले, “हे प्रमाण दारूचे, ना?” डॉक्टरने मान हलवली.

त्यानंतर आम्ही एक चूक केली. घरातल्या सगळ्या बाटल्या ओतून दिल्या, त्याच्या खिशातले पैसे काढून घेतले आणि दाराला कडी लावून त्याला घरात बसवले. निश्चयाने सुटते, अशी आमची समजूत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला झटका आला, दातखीळ बसली. तालुक्याच्या एका दवाखान्यात त्याला ग्लुकोजची बाटली आणि एक ‘लिव्हर टॉनिक’ देऊन सकाळी घरी पाठवले. अशा रोग्यांच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्वाचा साठा संपलेला असतो आणि ते न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला इजा होऊ शकते, हे नंतर मोठ्या रुग्णालयात ऐकले तेव्हा माझे हात गार पडले. तिसऱ्या रात्री मामाला चादरीवर मुंग्या दिसायला लागल्या. तो त्या चिमटीत पकडून मला देत होता आणि म्हणत होता, “नमुना घे, नमुना घे, टाकी उतू चाललीय.” दारूच्या गुंगीविरुद्ध वर्षानुवर्षे ताणून धरलेला मेंदू, समोरचा जोर एकाएकी नाहीसा झाल्यावर तोल जाऊन पडतो. दोन ते चार दिवसांत येणारा हा वाताचा झटका जीवही घेऊ शकतो, आणि म्हणून अशा माणसाची दारू डॉक्टरच्या देखरेखीखाली, औषधे देत सोडवावी लागते. आम्ही त्याला वाचवायला निघालो होतो आणि जवळजवळ गमावून बसलो होतो. मधल्या काळात एका चुलत मावशीने काविळीची माळ आणून त्याच्या गळ्यात घातली. माळ लांबत गेली की कावीळ उतरते म्हणतात. माळ लांबली, डोळे पिवळेच राहिले.

रक्ताची उलटी झाली ती त्यानंतर दोन महिन्यांनी, पहाटे. मोरीपर्यंतही तो पोचला नाही. कठीण झालेल्या यकृतातून रक्त पुढे सरकेना की मागे दाब वाढतो आणि ते आडवाटा शोधते. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या नाजूक शिरा त्या दाबाने फुगतात आणि एखाद्या दिवशी फुटतात. दाबामुळेच पोटात पाणी भरते. त्या पाण्याला जलोदर हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे, आणि चरकसंहितेत अतिमद्यपानाने होणाऱ्या मदात्यय या रोगावर स्वतंत्र अध्याय आहे, तेव्हा हे दुखणे काही कारखान्यांबरोबर आलेले नाही. रुग्णालयात दुर्बिणीतून त्या शिरांना बारीक रबरी कडी घालून रक्त थांबवले. मामाने त्या दिवसापासून दारूला स्पर्श केला नाही. त्याच्या पाकिटात दारू बाळगण्या-पिण्याचा रीतसर परवाना होता. महाराष्ट्रात आजही तो लागतो, आणि ज्या १९४९ सालच्या दारूबंदी कायद्याने तो मिळतो, त्यात आरोग्य राखण्यासाठी मद्य लागणाऱ्या माणसाला द्यायचा ‘आरोग्य परवाना’ही आहे. हे त्यानेच मला, रुग्णालयातल्या खाटेवर, अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितले.

घरी आल्यावर वही सुरू झाली. वजन आणि घेर पाण्यावर लक्ष ठेवण्यासाठी, कारण पाणी साठले की दिवसाला अर्धा-पाऊण किलो वजन वाढे आणि घेराची फीत पुढे सरके. मग रुग्णालयात सुई घालून चार-पाच लिटर पाणी काढावे लागे. पापड, लोणचे, खारवलेली मिरची घरातून गेली, आणि मामीने बिनमिठाच्या आमटीला चव आणण्यासाठी आमसूल, आले आणि कोथिंबीर यांच्यावर जितकी मेहनत घेतली तितकी दुसऱ्या कशावर घेतली नसेल. त्याची एकादशीही सुटली. निरोगी यकृत रात्रभर पुरेल इतकी साखर साठवून ठेवते. सिरोसिस झालेल्याला ते जमत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी एका रात्रीचा उपास निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या लंघनासारखा असतो आणि शरीर आपलेच स्नायू खाऊ लागते. म्हणून रात्री साडेदहाला त्याला नाचणीची खीर नाहीतर दूध-लाह्या मिळत. वीस वर्षे निष्ठेने एकादशी केलेला तो, पहिल्या आषाढीला खिरीची वाटी पुढे घेऊन बराच वेळ तसाच बसून राहिला होता.

आता सहीचे. आतड्यात तयार होणारा अमोनिया यकृताने गाळला नाही तर तो मेंदूपर्यंत जातो. आधी झोप उलटते, दिवसा पेंग आणि रात्री टक्क जाग. मग हात पुढे धरले की पंख फडफडावे तसे पंजे थरथरतात. मग माणसे आणि वेळ ओळखू येईनाशी होते. हे यायच्या आधी अक्षर बिघडते, म्हणून डॉक्टर रोग्याला नाव लिहायला किंवा चांदणी काढायला सांगतात. मामाने त्यासाठी रकानाच आखला. दिवसातून दोन-तीनदा शौचाला व्हावे म्हणून गोडसर पातळ औषध घ्यायचे, म्हणजे अमोनिया बाहेर पडतो, आणि ते पुरेसे झाले की नाही हे सकाळी सहीने सांगायचे. वही उघडली की तीनशे-साडेतीनशे सह्या एकाखाली एक दिसतात. सरळ रेषेत, आडनावाच्या शेवटच्या अक्षराला खाली वळवून काढलेली एक छोटी शेपटी, तीच शेपटी जी त्याच्या प्रयोगशाळेच्या रजिस्टरमध्येही असे. मग एका भाद्रपदात ती शेपटी आखूड होते. दुसऱ्या दिवशी सही ओळ सोडून खाली उतरते. तिसऱ्या दिवशी नावातली एक वेलांटी दोनदा काढली आहे. चौथ्या दिवशी रकान्यात नुसती एक नागमोडी रेघ आहे, आणि त्यापुढे नऊ दिवस कोरे. त्यानंतर, रुग्णालयातून परत आल्यावर, सही पुन्हा ओळीवर आहे, पण शेपटी नाही.

प्रत्यारोपणाचाही विचार झाला. माझा रक्तगट जुळत होता, आणि दिलेला तुकडा दात्याच्या शरीरात काही महिन्यांत बराचसा भरून येतो, हे ऐकून मी तयार झालो. भाचा कायद्याने जवळच्या नात्यात मोडत नाही, त्यामुळे समितीची परवानगी लागणार होती, पण गाडी तिथवर गेलीच नाही. तपासणीत माझ्याच यकृतात चरबी निघाली. मी शनिवार-रविवारी पिणारा, ‘मर्यादेत’ पिणारा, कुणी विचारले तर पचते म्हणणारा. अल्कोहोल १९८८ पासून कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३मध्ये, आरोग्याला सुरक्षित अशी त्याची कुठलीच मात्रा सांगता येत नाही, असे स्पष्ट केले. पण तेव्हा मला या वाक्यांची गरज नव्हती, संगणकाच्या पडद्यावर माझे स्वतःचे उजळ, पांढरट यकृत समोर होते. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, दारू सोडा, सहा महिन्यांनी बघू. मी दोन्ही केले. सहा महिन्यांनी मामाच्या नेहमीच्या सोनोग्राफीत यकृतात कर्करोगाची गाठ दिसली, आणि ती प्रत्यारोपणाच्या मर्यादेपलीकडे गेलेली होती. तो त्यानंतर जेमतेम वर्षभर जगला.

वही मी अधूनमधून काढतो. शेऱ्याचा रकाना बहुतेक कोरा आहे; कुठे ‘पाणी काढले, ४.५ लि.’, कुठे ‘मामीला बरे नाही, खीर मीच केली’. तो मामीला आमच्यासमोर बोलताना मामीच म्हणे, वहीतही तेच. दारू सोडल्याच्या तिसऱ्या वर्षी, वैशाखात, एक शेरा इतरांपेक्षा लांब आहे. सही त्या दिवशी सरळ आहे आणि शेपटीही आहे.

‘डिस्टिलरीतल्या जुन्या सहकाऱ्याच्या मुलाचे लग्न. रात्री मागच्या खोलीत सगळे बसले होते. मी सोडा घेतला. एक जण म्हणाला, घे रे, तुला तर पचते. दोन घास भात जास्त खाल्ला. वजन ५८.६, घेर ८४.’